बेळगाव परिसरात वळवाच्या वादळाचे छायाचित्रण: नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी

चैत्र सरत आला की बेळगाव, खानापूर, हुक्केरी, चिकोडी आणि निपाणी या पट्ट्यात दुपारनंतर आभाळाकडे पाहण्याची सवय प्रत्येकाला लागते. धूळवाफ पेरणीसाठी रान तयार करून बसलेला शेतकरी, कच्च्या विटा वाळत घातलेला वीटभट्टीवाला आणि आंब्याच्या बागेचा मक्ता घेतलेला व्यापारी असे सगळेच वळवाची वाट पाहतात किंवा त्याला भितात. गेल्या काही वर्षांत या वाट पाहणाऱ्यांत कॅमेरा घेतलेल्या तरुणांची भर पडली आहे. त्यांतील बरेच जण ढग दिसताच दुचाकी काढून थेट त्याच्या दिशेने निघतात, हे पाहून मला मनापासून काळजी वाटते, म्हणून हा लेख लिहीत आहे. ज्या विजेचा गडगडाट आपल्याला ऐकू येत नाही तीच वीज उघड्यावर उभे राहून टिपावी आणि गडगडाट ऐकू येऊ लागताच गाडीत किंवा पक्क्या घरात जावे, हा नियम मी स्वतः पाळतो. पुढील सर्व पायऱ्या याच नियमाभोवती बेतलेल्या आहेत.

आधी वळीव समजून घ्यावा

आपल्याकडे वळवाचा भर साधारणपणे एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, म्हणजे रोहिणी नक्षत्र लागून मृगाची चाहूल लागेपर्यंत असतो. या काळात जमीन तापून तिच्यालगतची हवा वर उठू पाहते, अरबी समुद्राकडून येणारा दमट वारा दुपारनंतर घाट चढून पठारावर पोहोचतो आणि पूर्वेकडच्या काळ्या मातीच्या सपाट प्रदेशावरील कोरड्या, तापलेल्या हवेशी त्याची गाठ पडते. त्यातच विदर्भ-मराठवाड्यापासून कर्नाटकाच्या अंतर्भागातून दक्षिणेकडे गेलेली कमी दाबाची द्रोणी (लांबट पट्टा) असेल, तर दुपारी फुलकोबीच्या गड्ड्यांसारखे दिसणारे ढग दोन-तीन तासांत बारा ते पंधरा किलोमीटर उंचीपर्यंत जातात. इतक्या उंचीवर पाणी गोठलेले असते. बर्फाचे सूक्ष्म स्फटिक आणि मऊ गारा एकमेकांवर आदळून विद्युतभार वेगळे होतात आणि त्यातूनच वीज निर्माण होते. ढगाचा माथा वर अडून आडवा पसरला की त्याला लोहाराच्या ऐरणीसारखा आकार येतो. दुरून अशी ऐरण दिसली, तर तो ढग पूर्ण वाढीस लागलेला आहे असे समजावे.

वळीव पूर्वेकडून येतो असे आपल्याकडची जुनी माणसे सांगतात आणि माझाही अनुभव बहुतांशी तसाच आहे. मात्र हा नियम मानून चालू नये. वळवाच्या दिवसांत वरच्या थरांतले वारे पुष्कळदा मंद असतात, त्यामुळे ढग एका ठराविक दिशेने सरकण्याऐवजी त्याच्या पोटातून बाहेर पडलेला थंड वारा चहूकडे पसरतो आणि त्या वाऱ्याच्या कडेवर नवे ढग उगवतात. बैलहोंगलकडे दिसणारा ढग तिथेच विरून जातो आणि अर्ध्या तासात आपल्या डोक्यावर दुसराच उभा राहतो. पाठलाग करणाऱ्याला सर्वांत मोठा धोका याच गोष्टीचा असतो, कारण त्याचे सगळे लक्ष समोरच्या ढगावर खिळलेले असते.

सकाळपासून दुपारपर्यंतची तयारी

वादळाचा दिवस सकाळीच ओळखू येतो. उजाडताना मध्यम उंचीवर किल्ल्याच्या बुरुजांसारखी टोके असलेले लहान ढग दिसले, दहा-अकरालाच घामाने अंगाला कपडे चिकटू लागले आणि एरवी संध्याकाळी सुटणारा पश्चिमेचा गार वारा आदल्या दिवशी सुटलाच नसेल, तर मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या चार्जिंगला लावतो. त्यानंतर भारतीय हवामानशास्त्र विभागाचा जिल्हावार इशारा पाहावा. पिवळा रंग सावध राहण्यासाठी आणि नारिंगी सज्ज राहण्यासाठी असतो. लाल इशारा असलेल्या दिवशी नवख्याने घरातूनच पाहावे. विभागाच्या वर्गीकरणात ताशी ६२ ते ८७ किलोमीटर वेगाचे वारे असलेले वादळ तीव्र मानले जाते, आणि अशा वाऱ्यात पत्रे उडतात, फांद्या मोडतात आणि रस्त्याकडेचे फलक कोसळतात. 'विंडी'सारख्या ॲपवर 'केप' नावाचा आकडा दिसतो. हवेत वर उसळण्यासाठी किती ऊर्जा साठली आहे, हे त्यावरून कळते. तो १५००च्या वर असेल तर दिवस आशादायक आहे, पण ऊर्जा असूनही ठिणगी न पडल्यामुळे कित्येक दिवस मी रिकाम्या हाताने परतलो आहे.

दुपारनंतर तीन गोष्टी जवळ असाव्यात. पहिली म्हणजे रडारचे चित्र. आपल्याला गोव्यातील पणजीचे डॉप्लर रडार जवळचे आहे. मात्र बेळगाव तिथून सरळ रेषेत ऐंशी किलोमीटरच्या आसपास असल्यामुळे, पृथ्वीच्या वक्रतेमुळे त्याचा सर्वांत खालचा किरणही इथे पोहोचेपर्यंत बराच वर गेलेला असतो आणि त्याखाली काय चालले आहे ते त्याला दिसत नाही. चित्रावरची वेळ पुष्कळदा जागतिक वेळेत असते. तिच्यात साडेपाच तास मिळवले नाहीत, तर नवखा माणूस आत्ताचे चित्र सकाळचे समजून बाजूला ठेवतो. दुसरी गोष्ट म्हणजे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेचे 'दामिनी' ॲप, जे आपल्यापासून २० आणि ४० किलोमीटरच्या परिघात पडणाऱ्या विजांची सूचना देते. कर्नाटक राज्याचे 'सिडिलु' नावाचे ॲपही याच कामाचे आहे. तिसरी गोष्ट म्हणजे घरच्या कोणाला तरी आपण कोणत्या रस्त्याने जाणार आणि किती वाजेपर्यंत परतणार हे सांगून ठेवणे.

जागा कुठे निवडावी

राष्ट्रीय महामार्ग ४८ हा आपल्या कामापुरता पूर्व-पश्चिम विभागणारी रेषा मानावा. त्याच्या पश्चिमेस खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि चोर्ल्याकडे दाट झाडी, वळणांचे रस्ते आणि अर्धवट दिसणारे आकाश आहे. तिथे ढग डोक्यावर येईपर्यंत कळत नाही, आणि कळल्यावर परतायला एकच रस्ता असतो. हा भाग नवख्याने वळवाच्या संध्याकाळी पूर्णपणे टाळावा. पूर्वेकडे सांबरा, सुळेभावी, बैलहोंगल आणि गोकाकच्या दिशेने सपाट, मोकळे शिवार आणि एकमेकांना छेदणारे बरेच रस्ते आहेत, त्यामुळे क्षितिजापर्यंत दिसते आणि कोणत्याही दिशेने निघता येते. मात्र काळ्या मातीतल्या गाडीवाटेवर पावसापूर्वी पाऊलही टाकू नये. पहिल्या दहा मिनिटांच्या सरीनंतर ती माती चाकाला लपेटून चाक आणि मडगार्डच्या मधली जागा भरून टाकते. माझी दुचाकी एकदा अशीच बांधाजवळ अडकली होती आणि विजा कडाडत असताना ती सोडून मला दीड किलोमीटर चालत वस्ती गाठावी लागली होती. तेव्हापासून मी डांबरी रस्ता सोडत नाही आणि वळवाच्या दिवसांत दुचाकीवर जात नाही. दुचाकीस्वाराला विजेपासून कसलेच संरक्षण नसते. पत्र्याचे छप्पर असलेली बंद चारचाकी मात्र वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाऊ देते.

येळ्ळूरचा राजहंसगड आणि देवरवाडीचा वैजनाथ डोंगर या दोन जागांची नावे प्रत्येक जण घेतो, कारण तिथून चारही बाजूंचा मुलूख दिसतो. दुपारी दोन-तीन वाजता ढग कुठे उगवत आहेत हे पाहण्यासाठी तिथे जरूर जावे, पण पहिला गडगडाट ऐकू येण्याच्या पुष्कळ आधी खाली उतरावे. मोकळ्या माथ्यावर उभा असलेला माणूस हीच त्या परिसरातली सर्वांत उंच वस्तू ठरू शकते. सांबऱ्याला विमानतळ आणि हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र असल्यामुळे त्याच्या कुंपणाजवळ आणि बेळगाव शहरातील कॅम्प (लष्करी छावणी) भागात ट्रायपॉड लावू नये.

आपल्या भागाला संध्याकाळच्या उजेडाचे एक वरदान आहे. मे महिन्यात सूर्य सातच्या सुमारास मावळतो. ढग पूर्वेला गोकाक-सौंदत्तीकडे असेल आणि पश्चिमेचे आकाश मोकळे असेल, तर मावळतीचा उजेड थेट त्या ढगाच्या भिंतीवर पडतो आणि ऐरणीच्या कडा सोनेरी, मग गुलाबी होतात. खाली पाऊस पडत असेल तर इंद्रधनुष्यही त्याच बाजूला उमटते. म्हणून आपण ढगाच्या पश्चिमेला, सूर्य पाठीशी ठेवून, दूर उभे राहावे. चित्रात पुढे काय दिसावे हे आधीच ठरवावे. नांगरलेल्या रानातला एकटा कडुनिंब, देवळाचे शिखर किंवा ताडाची रांग चांगली दिसते, पण आपण त्या वस्तूपासून निदान दोनशे मीटर दूर असावे.

पूर्वेच्या खेड्यांत कन्नड बोलणारे शेतकरी भेटतात, आणि त्यांच्याइतकी आभाळाची खबर कोणत्याही ॲपला नसते. मळे म्हणजे पाऊस, गाळी म्हणजे वारा, गुडुगु म्हणजे गडगडाट, मिंचु म्हणजे चमकणारी वीज, सिडिलु म्हणजे कोसळणारी वीज आणि आलिकल्लु म्हणजे गारा, एवढे शब्द आले तरी बोलणे सुरू होते. कोणाच्या रानात पाय ठेवण्यापूर्वी विचारावे. आणि कोणी वैरणीच्या गंजीवर ताडपत्री ओढत असेल तर कॅमेरा खाली ठेवून दुसरे टोक धरावे.

अंतर मोजणे

हे कौशल्य कॅमेऱ्याआधी शिकावे. हात पूर्ण लांब करून मूठ समोर धरली की ती साधारण दहा अंशांचा कोन झाकते. पूर्ण वाढलेल्या ढगाची उंची चौदा किलोमीटर धरली, तर त्याचा माथा क्षितिजापासून दोन मुठींवर दिसत असताना ढग जवळपास ४० किलोमीटर दूर असतो. बेळगावातून पाहता बैलहोंगल साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. माथा चार मुठींवर पोहोचला, तर ढग सतरा किलोमीटरच्या आत आलेला असतो. दोन मुठींचा ढग चित्रासाठी सर्वोत्तम मानावा, तीन मुठींना सामान आवरायला घ्यावे आणि चार मुठींना आपण गाडीत असावे.

अंधार पडल्यावर मूठ उपयोगी पडत नाही. तेव्हा वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांना तिनाने भागावे, म्हणजे किलोमीटरमध्ये अंतर मिळते. तीस सेकंद म्हणजे दहा किलोमीटर. तीस सेकंदांच्या आत आवाज आला तर बाहेर थांबणे धोक्याचे आहे, अशी जगभर वापरली जाणारी मर्यादा आहे. पण गडगडाट पंधरा किलोमीटरच्या पलीकडे सहसा ऐकूच येत नाही आणि ऐरणीच्या कडेतून निघालेली वीज मुख्य पावसापासून त्याहूनही दूर, कोरड्या जमिनीवर कोसळू शकते. म्हणून मी सेकंद मोजत बसत नाही. आवाज आला की छायाचित्रण उघड्यावर थांबते. शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण तीस मिनिटे जाईपर्यंत बाहेर पडू नये, मग पाऊस उघडून चांदणे का पडेना. देशात दर वर्षी दोन हजारांहून अधिक माणसे विजेने दगावतात. त्यांतील पुष्कळ जण शेतात किंवा झाडाखाली असतात. झाडावर पडलेली वीज खोडावरून शेजारच्या माणसावर उडी घेते आणि मुळांवाटे जमिनीतून पसरते. चिंच, आंबा किंवा वड कितीही मोठा असला तरी तो आसरा नाही. पत्र्याची शेड आणि उघडा बसथांबाही नाही.

कॅमेरा

रात्रीच्या दूरच्या विजांपासून सुरुवात करावी, कारण त्या सर्वांत सोप्या आणि सर्वांत सुरक्षित असतात. कॅमेरा ट्रायपॉडवर लावून मॅन्युअल मोडवर घ्यावा, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १०० किंवा २००, ॲपर्चर (लेन्सचे भोक) एफ/५.६ आणि शटर (उजेड आत येण्याचा वेळ) १० ते २० सेकंद ठेवावे. दूरच्या एखाद्या दिव्यावर लाइव्ह व्ह्यूमध्ये प्रतिमा मोठी करून हाताने फोकस करावा आणि मग फोकसच्या कड्याला कागदी चिकटपट्टी लावावी. चित्र रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) स्वरूपात साठवावे. 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद करावे, कारण ते चालू असेल तर प्रत्येक चित्रानंतर कॅमेरा तेवढाच वेळ आंधळा राहतो आणि नेमकी त्याच वेळी सुंदर वीज पडते. ट्रायपॉडवर असताना लेन्समधले स्थिरीकरणही बंद ठेवावे. केबलने किंवा कॅमेऱ्यातल्या टायमरने एकामागून एक चित्रे घेत राहावे. शंभरांतली चार जरी हाती लागली तरी ती संध्याकाळ चांगली गेली असे मी समजतो.

एक गोष्ट नीट समजली की पुढचे सारे सोपे होते. वीज सेकंदाच्या एका लहान भागात येऊन जाते. त्यामुळे शटर दहा सेकंद उघडे असो वा वीस, विजेची रेषा तेवढीच उजळ उमटते. ती किती उजळ दिसावी हे ॲपर्चर आणि आयएसओ ठरवतात, तर शटरचा वेळ फक्त आकाश, ढग आणि गावातले दिवे किती उजळ व्हावेत हे ठरवतो. रेषा पांढरीफटक होऊन फांद्या दिसेनाशा झाल्या, तर ॲपर्चर एफ/८ किंवा एफ/११ करावे. वीज बारीक आणि फिकट आली, तर एफ/४ पर्यंत यावे. समोर गावाचे दिवे जळून गेल्यासारखे दिसत असतील तर तेवढ्यापुरता शटरचा वेळ कमी करावा, ॲपर्चरला हात लावू नये. दूरच्या ढगासाठी ३५ ते ५० मिलिमीटरची लेन्स पुरते. फार रुंद लेन्सने चाळीस किलोमीटरवरचा ढग चित्रात हरवून जातो.

दिवसा वीज टिपणे अवघड आहे. त्यासाठी लाइटनिंग ट्रिगर नावाचे उपकरण मिळते, जे विजेची पहिली चमक ओळखून शटर उघडते. एकाच विजेत तीन-चार ठोके एकामागून एक येत असल्यामुळे शटर उघडेपर्यंत पुढचे ठोके सापडतात. ट्रिगर नसेल तर लेन्सवर काळा एनडी फिल्टर (उजेड कमी करणारी काच) लावून अर्ध्या सेकंदाची चित्रे सलग घ्यावीत. पण दिवसा मी विजेच्या मागे लागूच नये असे म्हणेन. ढगाची ऐरण, पावसाचा लोंबता पडदा, ऐरणीखाली लटकणारे गोळे आणि वाऱ्याच्या पुढे सरकणारी काळी फळी ही चित्रे कोणत्याही साध्या कॅमेऱ्याने मिळतात आणि ढगाची खरी रचना त्यांतच दिसते. मोबाइलवाल्यांनी व्हिडिओ घ्यावा आणि नंतर त्यातून एक चौकट काढावी. रात्री मोबाइलच्या प्रो मोडमध्ये वरचेच आकडे वापरता येतात.

गाडीतून काम करताना ट्रायपॉड लागत नाही. एक-दीड किलो मसूर कापडी पिशवीत भरून ती डॅशबोर्डवर ठेवावी आणि कॅमेरा तीत रुतवून काच बंद ठेवून चित्रे घ्यावीत. इंजिन बंद असावे, नाहीतर कंपनांमुळे चित्र हलते. एसी चालवून थंड केलेली लेन्स दमट हवेत बाहेर काढली की तिच्यावर बाष्प धरते, म्हणून पोहोचण्याच्या अर्धा तास आधी एसी बंद करावा. अनेक चित्रांतल्या विजा एकत्र करून एक चित्र बनवले असेल तर तसे स्पष्ट लिहावे. पाहणाऱ्याने एका क्षणात पडलेल्या विजा समजून ते पाहिले, तर ती त्याची फसवणूक होते.

वारा, गारा आणि परतीचा रस्ता

गरम वारा अचानक पडला आणि मातीचा वास घेऊन थंड झोत आला, की पाऊस काही मिनिटांवर आहे असे समजून ट्रायपॉड मिटावा. धुळीची भिंत दिसली तर रस्त्यावरून बाजूला, झाडे, खांब आणि फलक यांपासून दूर गाडी थांबवावी. महामार्गाच्या पुलावर किंवा कडेच्या पट्टीवर मात्र थांबू नये. गारा सुरू झाल्या तर मागच्या काचेपेक्षा मजबूत असलेली पुढची काच वाऱ्याकडे करावी आणि आत बसलेल्यांनी चादर अंगावर घ्यावी. पावसानंतर रस्त्यात पडलेली तार वीज गेली असली तरी जिवंत समजावी आणि वीज-तक्रारीच्या १९१२ या क्रमांकावर कळवावे.

विजेचा धक्का बसलेला माणूस दिसला तर त्याला हात लावायला घाबरू नये, त्याच्या अंगात वीज शिल्लक राहत नाही. श्वास नसेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी मिनिटाला १०० ते १२०च्या गतीने दाब देत राहावे आणि दुसऱ्याने १०८ला फोन करावा. हे दाब देण्याचे प्रशिक्षण हंगामाआधी एकदा घेऊन ठेवावे. लेन्सवर जितका खर्च केला त्याच्या तुलनेत त्याला काहीच लागत नाही.

वादळ गेल्यावर

वादळ सह्याद्रीकडे उतरून गेले आणि तीस मिनिटे शांततेत गेली, की पुन्हा बाहेर यावे. मागे राहिलेल्या ऐरणीत बराच वेळ आडव्या विजा कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरत राहतात. त्यांचाही आवाज आला तर तीस मिनिटे नव्याने मोजावीत. घरी आल्यावर कॅमेऱ्याची बॅटरी आणि कार्ड काढून तो पंख्याखाली पुसून ठेवावा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसह डब्यात बंद करावा. त्याच रात्री वहीत तारीख, उभे राहण्याची जागा, ढगाची दिशा, पहिली वीज दिसल्याची आणि पहिला गडगडाट ऐकल्याची वेळ, वारा कोणत्या बाजूने फिरला आणि गारा पडल्या का, एवढे लिहावे. माझ्या वहीत खानापूर रस्ता आणि बैलहोंगल रस्ता यांची पाने वेगळी आहेत आणि हंगाम सुरू होण्याआधी, होळीच्या सुमारास, मी ती एकदा वाचून काढतो.